नाव न घेण्याचं औषध

वडगावच्या विणकर गल्लीत शिरून कुणी अंजनीआक्काचं घर विचारलं, की सांगणारा आधी विचारणाऱ्याच्या डोळ्यांत बघायचा. ते पांढरे दिसले, तर बरोबरच्या माणसाच्या डोळ्यांत बघायचा. कुणाचे तरी पिवळे असायचेच. मग तो हात करून म्हणायचा, "त्या लिंबाच्या पल्याडचं दार. पर आज न्हाय मिळायचं. ऐतवारी या, न्हायतर गुरुवारी. पहाटं या, अनशापोटी. आणि तितं जाऊन तोंड उघडू नका."

आत रहाटावर सुताच्या कांड्या भरत बसलेल्या अंजनीला हे सगळं ऐकू यायचं. तिचा हात क्षणभर थांबायचा. पलीकडे मागावर बसलेला तिचा नवरा बसवंत धोटा थांबवून विचारायचा, "काय झालं?" ती म्हणायची, "काय न्हाय, धागा तुटला." धागा तुटलेला नसायचा. आणखी एक पहाट गेली, एवढंच तिच्या मनात यायचं.

अंजनीचं माहेर कणकुंबीच्या बाजूचं, गर्द रानातलं. तिथे झाडपाला ही काही कुणाची विद्या नव्हती. विळा लागला, की पोरंसुद्धा बांधावरचा दगडीपाला चुरगाळून रस पिळायची. गुडघा सुजला, की निरगुडीचा पाला गरम करून बांधायचा. बाळंतिणीच्या न्हाणीत निरगुडीच, नायट्याला टाकळा, खोकल्याला अडुळसा, जुना ताप हटेना की गुळवेल. केसांना माका, दात घासायला आघाड्याची काडी. ज्याला जे ठाऊक असेल ते तो मोठ्यानं सांगायचा, आणि दुसरा म्हणायचा, "त्यापेक्षा हे लावून बघ." कधी गुण यायचा, कधी यायचा नाही. नाही आला तर कुणी कुणाच्या दारात भांडायला जात नसे.

वडगावात लग्न होऊन आली तेव्हा अंजनीने हे सगळं पदरात बांधून आणलं होतं. गल्लीतल्या बायका अजूनही तिला हटकून विचारायच्या, आणि ती कांड्या भरता भरताच सांगायची. त्याचा तिला कधीच त्रास वाटला नाही. त्रास होता तो सासरहून मिळालेल्या औषधाचा.

सासू यल्लव्वा. हातात कावीळ उतरवण्याचा गुण असलेली बाई म्हणून तिचं नाव शहापुरापासून पार येळ्ळूरपर्यंत होतं. मरणाच्या आधी तिने सगळ्यांना बाहेर घालवलं आणि सुनेला उशाशी बसवून घेतलं. अंजनी तेव्हा पोटुशी होती, पाय सुजलेले, खाली बसलं की उठवत नसे. यल्लव्वाने तिच्या कानात दोन वनस्पतींची नावं सांगितली. एक पावसाळ्यात बांधावर उगवणारं ओलं औषध, ते वाटून पोटात द्यायचं. दुसरं उन्हाळ्यासाठी जपून ठेवायचं कोरडं औषध, ते भिजवून नाकात सोडायचं. मग तिने अंजनीचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत धरला आणि बंधनं सांगितली. औषध आणायला सूर्य वर यायच्या आत जायचं, म्हणजे झाडावर आपली सावली पडत नाही. जाताना-येताना कुणाशी बोलायचं नाही, मागं वळून बघायचं नाही. रोग्याच्या अंगात औषध जाईपर्यंत चूळसुद्धा भरायची नाही. कुणाकडून काही घ्यायचं नाही, कुणाला परत पाठवायचं नाही. रोग्यानेही औषधाविषयी कुणाला सांगायचं नाही.

"आणि नाव घ्यायचं न्हाय," यल्लव्वा म्हणाली. "नाव तोंडातनं गेलं की हाताचा गुण गेला. आणि ज्याला दिलंय, त्याच्या अंगावर उलटतं. कळलं?"

अंजनीने मान हलवली. तुला हे हवं आहे का, असं तिला कुणी विचारलं नव्हतं. विचारायची रीतच नव्हती.

तेव्हापासून रविवार आणि गुरुवार तिचे राहिले नाहीत. अंगात कणकण असो, घरात पाहुणे असोत, तिला पहाटे उठून गार पाण्याने अंघोळ करावी लागे आणि येळ्ळूरच्या वाटेवरच्या बांधापर्यंत मुक्याने जावं लागे. परत येते तो दारात माणसं उकिडवी बसलेली असत. त्यांना औषध देऊन झालं की मगच तिच्या तोंडात पाणी. मग चूल, मग रहाट. बसवंतला आईच्या हाताचा अभिमान होता. "आमच्या घरात देवानं दिलंय," असं तो आल्यागेल्याला सांगायचा. देवानं दिलेलं आणायला पहाटे कोण जातं, ते तो सांगत नसे.

यातली एकच गोष्ट अंजनीला आतून खायची. तिची मुलगी सोना दोन-अडीच वर्षांची असताना पहाटे जागी व्हायची आणि आईच्या मागं पळत यायची. अंगात झबलं, पायांत काही नाही. "आई, आई" करत ती गल्लीच्या टोकापर्यंत यायची. अंजनीला मागं बघायची बंदी. "जा, आत जा," एवढंसुद्धा म्हणता यायचं नाही. ती पुढं चालत राहायची आणि मागचं रडणं लांब लांब जायचं. कधी शेजारची राजाबाई पोरीला उचलून घरी न्यायची, कधी कुणीच न्यायचं नाही. असं बरेच दिवस चाललं. मग एक दिवस सोना मागं आली नाही. पुढंही कधी आली नाही. आता ती लग्नाच्या वयाची झाली होती. शहाणी, हाताची चपळ, आणि फार कमी बोलणारी. घराण्याचं औषध पुढं सोनाला द्यायचं, असं बसवंत मधूनमधून म्हणायचा. तो विषय निघाला की अंजनी काही तरी आणायला उठून जायची.

दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आदल्या उन्हाळ्यातली गोष्ट. त्या वर्षी विहिरी तळाला गेल्या होत्या आणि कावीळ गावोगाव पसरली होती. बुधवारी दुपारी राजमती नावाची एक बाई दारात आली. निपाणीकडच्या जैन शेतकऱ्याच्या घरची, अंगावर चांगलं लुगडं, पण सर्व्हिस मोटारीच्या धुळीने माखलेलं. कडेवर सहा-सात वर्षांचा मुलगा. एवढा थोराड मुलगा कडेवर घेतलाय म्हणजे त्याला चालवत नसणार, हे अंजनीला दिसलंच. नवरा जिनाप्पा लिंबाखाली उभा होता, आत आला नाही.

"आक्का, ह्यो सुकुमार," राजमती म्हणाली. "काय खात न्हाय, काय पीत न्हाय. हळदीनं न्हाऊ घातल्यागत दिसतोय बघा. शहापुरात माझी मावशी असती, तिनं तुमचं नाव सांगितलं."

अंजनीने पोराच्या पापण्या उलट्या करून पाहिल्या. पिवळ्याधमक. "बाई, ओलं औषध पाऊस पडल्याबिगर उगवत न्हाय. कोरडं हाय, पर ते जहाल असतं. एवढ्या लहान पोराला मी देत न्हाय."

"पाऊस पडूस्तवर काय करू?"

"पथ्य कर. उसाचा रस दे, ताक दे. पोराला निजवून ठेव."

"तेच करतोय की. दिसंदीस जास्तीच व्हायलंय." राजमती खाली बसली. तिचा आवाज चढला नाही, रडण्याचाही झाला नाही. उलट तो अगदी बारीक झाला. "आक्का, ह्याच्या आधीचा एक गेलाय माझा. तापानं. त्यावेळंला बी सगळी म्हणत व्हती, निजवून ठेव."

परत कुणाला पाठवायचं नाही. शिवाय अंजनीला त्या बाईचे डोळे बघवेनात. तिने हो म्हटलं. पण मनाशी ठरवलं, मोठ्या माणसाला जेवढं, त्याच्या अर्ध्याहून कमी भिजत घालायचं आणि थेंब एकेकच सोडायचा. कोरडं औषध म्हणजे जायफळाएवढं वाळकं फळ. अंगावर मऊ काटे, आत दोडक्याच्या जाळीसारखी जाळी. हिवाळ्यात कुंपणावरून तोडून तिने ते मडक्यात ठेवलेलं असे. भिजल्यावर त्याचं पाणी इतकं कडू व्हायचं की नुसत्या वासाने घशाशी यायचं.

गुरुवारी पहाटे राजमती आली. सुकुमार भिंतीला टेकून बसला. मुठीत फुटाण्याची पुडी होती. औषध घेतल्यावर खायची म्हणून त्याने ती कालपासून धरून ठेवली होती. अंजनी वाटी घेऊन समोर बसली, तेव्हा त्याने विचारलं, "आक्का, लई कडू हाय का?"

तिला उत्तर देता येत नव्हतं. तिने त्याच्या केसांवरून हात फिरवला आणि हनुवटी वर केली. तेवढ्यात राजमती पुढं सरकली. "आक्का, एक सांगायचं व्हतं, परवा..."

अंजनीने झटक्यात ओठांवर बोट ठेवलं. डोळे मोठे केले. औषध हातात असताना बोलतेय ही बाई! राजमतीचं तोंड तसंच अर्धवट उघडं राहिलं, मग मिटलं. अंजनीने दोन्ही नाकपुड्यांत एकेक थेंब सोडला. पोर थरथरलं, आईच्या कुशीत शिरलं. थोड्या वेळाने नेहमीसारखं नाकातून पिवळं पाणी सुरू झालं. अंजनीने खुणेने सांगितलं, घेऊन जा.

दुपारी ती जरा आडवी झाली होती. डोळा लागतो न लागतो तोच दारात जिनाप्पा उभा. धोतराच्या सोग्यावर रक्ताचे डाग.

"काय घातलंस गं बाई पोराच्या नाकात?"

बसवंत मागावरून उठला. "आण्णा, जरा दमानं..."

"दमानं? नाकातनं रगत थांबंना. तोंड ह्ये एवढं सुजलंय. उलट्यावर उलट्या. दवाखान्यात टाकलंय त्याला. डॉक्टर इचारतोय काय दिलं, काय दिलं. त्याच्या आईला ठावं न्हाय. मला ठावं न्हाय. तुला तरी ठावं हाय का तुझ्या हातात काय व्हतं?"

राजाबाई शेजारच्या दारात येऊन उभी राहिली. तिच्या नवऱ्याची कावीळ अंजनीनेच उतरवली होती, तेव्हा ती गल्लीभर साखर वाटत फिरली होती. आता ती पदर सावरत म्हणाली, "आता पोलीस येत्यात बघा. आमच्या गल्लीची शोभा करून ठेवली."

"तू गप गं," बसवंत तिच्यावर खेकसला. मग अंजनीला बाजूला घेऊन हलक्या आवाजात म्हणाला, "जाऊ नगंस. आणि गेलीसच तर नाव घेऊ नगंस. आईनं काय सांगितलंय? उलटतं. आत्ताच एवढं झालंय, नाव घेतलंस तर पोरगं हातचं जाईल."

अंजनीलाही तेच वाटत होतं. एवढ्या वर्षांत तिने ते नाव मनातसुद्धा पुरतं उच्चारलं नव्हतं. न गेलं तर पोर जाईल, आणि जाऊन बोललं तरीही जाईल. तिने पायांत चपला सरकवल्या. मागं सोनाही निघाली. बसवंत म्हणाला, "तू कुटं?" सोना दारात थांबलेल्या मष्णूच्या टांग्यात आईच्या शेजारी जाऊन बसली.

जिनाप्पा पुढं मष्णूशेजारी बसला होता. मष्णू घोड्याशी बोलत होता तेवढंच. ऊन असं होतं की रस्त्यावरची धूळ पांढरी दिसत होती. अंजनीच्या डोळ्यांसमोरून राजमतीचं ते अर्धवट उघडलेलं तोंड हलेना. परवा. ती परवा म्हणाली होती. परवा काय?

दवाखान्याच्या व्हरांड्यात राजमती जमिनीवर बसली होती. तिच्या मांडीवर फुटाण्याची पुडी होती, न सोडलेली. आत खाटेवर सुकुमारचं तोंड ओळखू येत नव्हतं. नाकात कापसाचे बोळे, तेही लाल.

डॉक्टर बाहेर आला. मध्यम वयाचा, चष्म्याखाली काळी वर्तुळं. पलीकडच्या खोलीतही काविळीचीच माणसं होती. त्याने आवाज चढवला नाही.

"तुम्हीच का? नाकात काय घातलंत?"

"औषध."

"कसलं? पारा आहे त्यात? मोरचूद?"

"न्हाय. फळ हाय. रानातलं."

"कुठलं फळ?"

डॉक्टरने चष्मा काढून डोळे चोळले. "हे बघा बाई, मला तुमच्याशी भांडायला वेळ नाही. नाकातलं घशातून पोटात उतरलंय. जाळणारं आम्ल वगैरे असेल, तर मला पोटात नळी घालता येणार नाही, घातली तर आत भोक पडेल. झाडपाल्याचं असेल, तर पोट आत्ता धुवायला हवं, उशीर करून उपयोग नाही. अंदाजावर मी काय करू? तुम्हाला पकडून द्यायला विचारतोय असं समजू नका, मी पोरासाठी विचारतोय."

सासूच्या हातांची पकड अंजनीला मनगटावर अजून जाणवत होती. तिने खाली पाहिलं. राजमती तिच्याकडेच बघत होती, ओठांवर पदर दाबून. सकाळी अंजनीने बोट ठेवलं होतं, तसाच.

अंजनी खाली बसली. "पोरी, पहाटं तू काय तरी सांगत व्हतीस. परवा म्हणालीस."

राजमतीने आधी नवऱ्याकडं पाहिलं, मग अंजनीकडं. "सांगू का? चालतंय?"

"सांग."

"संकेश्वरात मोटार थांबली व्हती. तितं एक म्हातारा देतोय म्हणून कळलं. त्यानंबी नाकातच घातलं, मंगळवारी. असंच कडू. असंच पिवळं पाणी आलतं. कुणाला सांगायचं न्हाय म्हणाला. मावशी म्हणाली, दुसऱ्याचं घेतलंय म्हटलं तर आक्का देणार न्हाईत. म्हणून बुधवारी गप बसले. पहाटं वाटलं, सांगावं. तर तुमी..."

जिनाप्पाने भिंतीवर कपाळ टेकलं.

अंजनीला एकदम फार थकल्यासारखं वाटलं. इतक्या वर्षांचं सगळं जागरण एकदम अंगावर आल्यासारखं. संकेश्वरच्या म्हाताऱ्यालाही कुणीतरी असंच मनगट धरून सांगितलं असणार. तो गप्प, राजमती गप्प, मावशी गप्प, आणि ती स्वतः तर तोंडावर बोट ठेवून बसलेली. सगळ्यांनी बंधन पाळलं होतं. पोराने तेवढं तोंड उघडून विचारलं होतं, लई कडू हाय का. त्याला कुणी सांगितलं नाही.

ती उठली. "देवडांगरी," ती म्हणाली.

"काय?" डॉक्टरला नीट ऐकू आलं नाही.

पुन्हा म्हणावं लागलं. या वेळी मोठ्यानं. "देवडांगरी. कुपावर वेल असती तिची, काटेरी फळ. वाळवून भिजवायचं. माझा एकेक थेंब गेलाय, तोबी पातळ. पर परवा दुसऱ्यानं घातलंय, किती ते म्हाईत न्हाय. दोनदा गेलंय, सायेब. आणि काय सुदीक न्हाय त्यात. पारा न्हाय, काय न्हाय."

डॉक्टर वळून आत गेलाही. काहीच झालं नाही. व्हरांड्यातून एक माणूस बादली घेऊन गेला. बाहेर मष्णूचा घोडा फुरफुरला. अंजनी खांबाला धरून उभी होती. आतून पोराच्या ओकाऱ्यांचा आवाज येत होता, आणि प्रत्येक ओकारीला तिला वाटत होतं, उलटलं, हे उलटलं.

दुपार कलली तशी ओकारी थांबली. मग काहीच ऐकू येईना, ते जास्त वाईट होतं. दंडात सुई टोचून मिठाचं पाणी चढवत होते, असं जिनाप्पा बाहेर येऊन सांगून गेला. सांगताना त्याने अंजनीकडं पाहिलं नाही, पण सांगितलं तिलाच. ऊन भिंतीवर चढलं, तेव्हा डॉक्टर बाहेर येऊन बाकावर टेकला. "रक्त थांबलंय. पाणी मागतोय. अजून लघवी नीट होईपर्यंत मी काही बोलणार नाही."

राजमती आत पळाली. अंजनीने विचारलं, "आणि कावीळ?"

"कावीळ उतरेल हळूहळू. बहुतेकांची उतरते. पथ्याने, विसाव्याने, आपली आपणच. काहींची नाही उतरत." तो क्षणभर थांबला. "का नाही उतरत, ते मलाही प्रत्येक वेळी सांगता येत नाही."

आपली आपणच. अंजनी त्या शब्दांपाशी बराच वेळ बसून राहिली. मग त्या सगळ्या पहाटा कशासाठी होत्या? तिला रागही आला नाही. राग यायलासुद्धा अंगात जरा जोर लागतो.

परतताना टांग्यात जिनाप्पा नव्हता. मायलेकीच होत्या. मष्णूने घोडा चालीने सोडला होता. गावाबाहेर आल्यावर सोना म्हणाली, "आई."

"काय गं?"

"मी बारीक असताना तुझ्या मागनं यायची. तू बोलायची न्हाईस."

अंजनीला वाटलं होतं, पोर ते विसरली असेल. "बोलायचं नसतं गं तवा. बंदी असती."

"ते मागनं कळलं. तवा मला वाटायचं, माझं काय तरी चुकलंय."

अंजनीने तिच्याकडं पाहिलं नाही. बघितलं असतं तर रडू आलं असतं, आणि पुढं मष्णू होता. तिने लेकीचा हात मांडीवर ओढून घेतला. "तुझं काय चुकलं न्हवतं," ती म्हणाली. मग, जरा वेळाने, स्वतःहून बोलू लागली. उन्हाळ्याच्या औषधाचं नाव सोनाने ऐकलंच होतं. आता तिने पावसाळ्याच्या औषधाचंही सांगितलं. "भुईआवळी. आवळ्यागत बारीक पानं, पानाखाली मोहरीएवढी फळं. आपल्या दारात बी उगवती. आता तुला म्हाईत झालं. कानात सांगण्यासारखं काय उरलं न्हाय."

"बरं झालं," सोना म्हणाली.

सुकुमार वाचला. पुष्कळ दिवस दवाखान्यात राहिला, आणि निपाणीला परत गेला तेव्हा पुन्हा आईच्या कडेवर बसूनच गेला, पण गेला. अंजनी त्याला बघायला दोन-तीनदा गेली. शेवटच्या वेळी त्याने तिला ओळखलं आणि तोंड फिरवून घेतलं. तिला ते बरोबरच वाटलं.

पहिल्या दिवशी दवाखान्यातून घरी आल्या आल्या तिने कोरड्या औषधाचं मडकं चुलीत रिकामं केलं. बसवंत बघत राहिला. "आईनं काय म्हटलं असतं," एवढंच बोलला, आणि बरेच दिवस तिच्याशी लागेल तेवढंच बोलला. राजाबाईने गल्लीभर केलं, आक्काचा हात गेला, नाव घेतलं. लोक यायचे बंद झाले. रविवारी अंजनी उजाडेपर्यंत निजली. पहिल्या वेळी ती दचकून उठली आणि अंधारात चपला चाचपत बसली. मग आठवलं, आणि पुन्हा आडवी झाली. झोप लागली नाही, पण आडवं असणंच एवढं गोड होतं की तिने तक्रार केली नाही.

पाऊस बऱ्यापैकी झाला. उंबऱ्यासमोरच्या दगडांच्या फटींतून भुईआवळी वर आली. एका संध्याकाळी मष्णू दारात उभा. मागं त्याची बायको, डोळे पिवळे.

अंजनी म्हणाली, "माझा हात गेलाय. ऐकलं न्हाईस का?"

"ऐकलंय की."

"तुझ्या टांग्यात बसूनच पोरीला नाव सांगितलं मी. तुला बी म्हाईत हाय. तुझ्या पायाखाली उगवलंय बघ. उपट आणि दे वाटून."

मष्णूने खाली बघितलं आणि पाय उचलून बाजूला ठेवला, जणू देवावर पडला होता. "मी उपटलं तर गवत, आक्का. तू उपटलंस तर औषध."

"डॉक्टरकडं जा."

"गेलतो. इसावा घ्या म्हणाला. माझ्या घोड्याला इसावा न्हाय, हिला कुठला मिळायचा?"

अंजनी हसली नाही. तिला वाटलं होतं, नाव घेतलं की सुटका होईल. सासूने तर तसं बजावूनच सांगितलं होतं. आणि आता हा टांगेवाला दारात उभा राहून तिला पुन्हा त्या पहाटांना जुंपत होता. तिने कपाळावरून हात फिरवला आणि त्याच्या बायकोला खाली बसवलं.

"आधी सांग, दुसरीकडं कुटं काय घेतलंस? कुणी न सांगायची शपथ घातली असंल तरी सांग. हितं बोलायला बंदी न्हाय. बोलल्याबिगर मी काय देणार न्हाय."

बायको मष्णूकडं बघत राहिली, मग हळूहळू बोलू लागली. एका बाईने गळ्यात मुळ्यांची माळ घातली होती, ती दाखवली. एकाने मनगटावर डाग दिला होता, तोही दाखवला. नाकात कुणी काही घातलं नव्हतं. अंजनीने सगळं ऐकून घेतलं. "ओलं औषध देते," ती म्हणाली. "पर डॉक्टरचं पथ्य सोडायचं न्हाय, आणि धुणंभांडी मष्णू करील. करशील का न्हाय?" मष्णूने मान खाली घालून हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी औषधाचा वार नव्हता. उजाडल्यावर अंजनीने चूल पेटवली, कपभर चहा केला आणि तो बसून प्याली. बसवंत मागावरून बघत होता. मग ती बांधाकडं निघाली, कारण दारातल्या भुईआवळीवर सगळ्यांचे पाय पडत होते. गल्लीच्या टोकाला मागून पावलं वाजली. सोना होती.

"मी बी येते," सोना म्हणाली.

अंजनी वळली आणि थांबली. "ये की. चपला घातल्यास का? वाटंवर काटं हाईत."